वाळवंटात आरव्हीने कमी खर्चात भटकंती: जमेल का?

मुक्कामपोस्ट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत लेकीला आठवडाभर सुट्टी आहे. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई (वय ६८). बेत असा: लास व्हेगासला उतरायचं, आरव्ही (पलंग, शेगडी, बाथरूम आतच असलेली घरगाडी) भाड्याने घ्यायची आणि सात रात्रींत डेथ व्हॅली, जोशुआ ट्री, क्वार्ट्झसाइट, टूसॉनजवळचं सग्वारो, न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स करून परत व्हेगास. नवऱ्याचं म्हणणं, "हॉटेलचे पैसे वाचले, म्हणजे स्वस्तच पडणार." माझ्या कच्च्या हिशेबात आकडा २,९०० डॉलरच्या खाली यायला तयार नाही. बजेट १,८०० आहे, विमानाची तिकिटं सोडून.

कुठे कात्री लावू? आणि मिनीव्हॅनपेक्षा मोठं काही आम्ही दोघांनीही कधी चालवलेलं नाही, हेही आधीच सांगून टाकते.

झोपाळू

रुमाल टाकून ठेवतोय. आमच्या घरी हाच वाद तीन वर्षं चालू आहे.

तंबूवाली

कात्री आरव्हीलाच लावा. साधी गाडी, एक तंबू, चार स्लीपिंग बॅग्ज. तुमच्या २,९०० च्या अर्ध्यात होईल आणि वर १,००० मैल आनंदात चालवाल. आरव्ही म्हणजे दर मैलाला दगड बांधून पळणं.

हिशेबनीस

तंबूवालींशी पैशापुरता सहमत. नवरोबांचं गणित कुठे चुकतंय ते सांगतो. भाड्याची जाहिरात दिसते ८०-९० डॉलर रोजची, पण ती नुसत्या गाडीची. त्यावर दर मैलाचा आकार वेगळा, अंथरूण-पांघरूण आणि भांड्यांचा संच वेगळा, जनरेटर तासावर, विमा वेगळा. मग पेट्रोल. क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती गाडी, गॅलनला ८ ते १० मैल देते. वारा समोरून असेल तर ८ सुद्धा नाही.

व्हेगासहून व्हाइट सँड्सला जाऊन-येऊन दीड हजार मैल कुठे गेले नाहीत. मधल्या वळशांसकट १,८०० धरा. म्हणजे २०० गॅलन पेट्रोल, शिवाय १,८०० मैलांचं मैलभाडं. तुमचा खर्च राहण्यात नाही, चाकांत आहे. नकाशावरचे दोन ठिपके पुसा, निम्मा प्रश्न सुटेल.

मुक्कामपोस्ट

@तंबूवाली, सासूबाईंचे गुडघे आणि तंबू यांचं जमत नाही हो. शिवाय रात्री दोनदा बाथरूमला उठतात.

@हिशेबनीस, व्हाइट सँड्स पुसायचं म्हणजे लेकीची समजूत घालावी लागेल. पांढऱ्या वाळूवर घसरगुंडी खेळायचं स्वप्न आहे तिचं.

काटेसावर

मी ॲरिझोनात राहते म्हणून सांगते. व्हाइट सँड्सच्या आत आरव्हीत मुक्काम करताच येत नाही, बाहेर राहावं लागतं. शेजारी क्षेपणास्त्रांचं चाचणी क्षेत्र आहे, चाचणी असली की रस्ता काही वेळ बंद करतात. एवढ्या लांब जाऊन गेटाबाहेर बसलात तर लेक दुप्पट रडेल. घसरगुंडी जाऊ दे, पण वाळूत लोळायचं तर डेथ व्हॅलीतल्या स्टोव्हपाइप वेल्सजवळची मेस्कीट फ्लॅटची वाळूची टेकाडं आहेत की! रस्त्याला लागूनच. पहाटे जा, पावलांचे ठसे पडायच्या आत.

चाकंचार

हिवाळ्यातले चार महिने मी आणि बायको आरव्हीतच असतो, सात वर्षं झाली. मुद्द्याचं बोलतो.

१. मोठी गाडी घेऊ नका. डेथ व्हॅलीतल्या आर्टिस्ट्स ड्राइव्हवर २५ फुटांपेक्षा लांब वाहन नेता येत नाही. जोशुआ ट्रीत हिडन व्हॅली आणि व्हाइट टँक या कॅम्पग्राऊंडना तीच मर्यादा. २२-२३ फुटी गाडीत चार माणसं आरामात झोपतात. आराम म्हणजे एकमेकांच्या अंगावरून जावं लागतं, पण झोपतात.

२. फुकट राहायचं तर बीएलएमची जमीन, म्हणजे केंद्र सरकारचं जमीन खातं. बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं. पाणी नाही, वीज नाही, संडास नाही, शेजारीही नाही. डेथ व्हॅली हे नॅशनल पार्क आहे, तिथे मनाला येईल तिथे गाडी उभी करून झोपता येत नाही, हे विसरू नका.

३. क्वार्ट्झसाइट या फुकट मुक्कामाची पंढरी. प्लोमोसा रोड, डोम रॉक, हाय जॉली, स्कॅडन वॉश, सगळीकडे १४ दिवस फुकट. पलीकडे ला पोसाला मोठ्या मुक्कामाची सोय आहे, तिथे पास काढावा लागतो, पण सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा आणि पाणी मिळतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा १४ दिवसांचे ४० डॉलर आणि १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अख्ख्या हंगामाचे १८० होते. तुम्हाला एक-दोन रात्रींसाठी गरज नाही.

४. पाणी भरून घ्या, पण आधी विचार करून. ४० गॅलनची टाकी म्हणजे ३३० पौंड वजन. पंपावर भरायचं ते शेवटच्या गावात.

सहजसुचलं

हाय जॉली हे नाव वाचून धाग्यावर आलो. हा मूळचा हादजी अली. १८५६ मध्ये अमेरिकन सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर हा उंटवाला आला. नाव उच्चारता येईना म्हणून 'हाय जॉली' झालं. प्रयोग बारगळला, उंट विकले नाहीतर सोडून दिले, हा मात्र तिथेच राहिला. १९०२ मध्ये क्वार्ट्झसाइटला वारला. त्याच्या थडग्यावर दगडांचा छोटा पिरॅमिड आहे आणि टोकावर धातूचा उंट. बघायला पैसे पडत नाहीत.

झोपाळू

उंट गॅलनला किती मैल देतो?

हिशेबनीस

@झोपाळू, गॅलन त्यालाच लागतात. बरेच.

तंबूवाली

@चाकंचार, तुमची स्वतःची गाडी आहे, यांची भाड्याची. भाड्याच्या बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर नेऊ नका असं लिहिलेलं असतं आणि बीएलएमची जमीन म्हणजे कच्चा रस्ताच. 'फुकट रहा' हा सल्ला भाडेकरूला भलताच महागात पडेल. टोइंगचं बिल बघितलंय कधी?

चाकंचार

बघितलंय. भरलंय सुद्धा. मुद्दा बरोबर आहे, माझ्या लक्षात आलं नाही.

पण सगळं काळं-पांढरं नसतं. काही करारांत 'कॅम्पग्राऊंडपर्यंतचा नीट राखलेला रस्ता' एवढी सूट असते. बारीक अक्षरं वाचा, फोन करून विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. क्वार्ट्झसाइटच्या जागा डांबरी रस्त्याला लागून आहेत, शंभर-दोनशे फुटांवर टणक खडीत उभं राहता येतं. आत जायचा मोह टाळायचा. आणि वॉशमध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, कधी नाही. सपाट आणि मऊ दिसतं, म्हणून नवखा माणूस तिथेच जातो. चाकं रुततात ते एक. दुसरं म्हणजे पाऊस वीस मैलांवर पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो. तुमच्या डोक्यावर चांदण्या असतात.

हिशेबनीस

करारातली अजून एक गोष्ट: डेथ व्हॅलीत उन्हाळ्यात गाडी न्यायला पुष्कळ भाडेवाले मनाई करतात. फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरनहाइटची नोंद झाली होती, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. फेब्रुवारीत अडचण येऊ नये, तरी विचारून घ्या.

काटेसावर

फेब्रुवारीत उन्हाची नाही, थंडीची काळजी करा. दुपारी टी-शर्ट आणि पहाटे दातावर दात. बहुतेकांची फजिती इथेच होते. आमची झाली ती सांगते.

पहिली रात्र, वीजजोडणी नसलेली जागा. झोपताना हीटर ६८ अंश फॅरनहाइटवर लावला. हीटर प्रोपेन गॅसवर चालतो, त्यामुळे विजेचा प्रश्नच नाही असा आमचा समज. पहाटे तीनला जाग आली ती शांततेने. पंख्याची घरघर थांबलेली, नाक गार पडलेलं. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा आकडा दिसेना. लाइटचं बटण दाबलं तर बल्ब निखाऱ्यासारखा लालसर झाला आणि विझला. प्रोपेन टाकी जवळजवळ भरलेली होती. मेली होती ती बॅटरी, कारण गरम हवा फिरवणारा पंखा बॅटरीवर चालतो आणि रात्रभरात ती पिऊन टाकतो. जनरेटर सुरू करायलाही तीच बॅटरी लागते. नवऱ्याने बनियनवर उतरून गाडीचं इंजिन चालू केलं, अर्धा तास बसून राहिला, मग कुठे जनरेटरने घरघर केली.

तेव्हापासून हीटर ५५ वर आणि अंगावर दोन जाड पांघरुणं. सासूबाईंसाठी गरम पाण्याची पिशवी न्या. पंखा नको, बॅटरी नको.

मुक्कामपोस्ट

बाप रे. हे कुठल्याच जाहिरातीत नव्हतं. पिशवी यादीत घातली. मग आम्ही वीजजोडणी असलेल्या जागा घ्यायच्या का?

चाकंचार

एखादी रात्र, मधोमध. त्या रात्री टाक्या रिकाम्या, पाणी भरा, कपडे धुवा, सगळ्यांच्या लांब आंघोळी. बाकी रात्री 'नाविक आंघोळ': अंग ओलं करा, नळ बंद, साबण, नळ चालू.

आणि टाक्यांबद्दल. काळी टाकी संडासाची, करडी टाकी आंघोळ-भांड्यांची. आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. काळ्या टाकीची झडप मुक्कामात कायम उघडी ठेवू नका. पाणी वाहून जातं, बाकीचं राहतं आणि वाळतं. पुढचं वर्णन जेवणाच्या वेळी नको. करडं पाणी 'नुसतं साबणाचं तर आहे' म्हणून वाळूत सोडू नका, बहुतेक ठिकाणी तो गुन्हा आहे.

झोपाळू

आधी काळी, मग करडी. घरात लेकाला शिकवताना नेमकं उलटं पाठ झालं तर?

चाकंचार

एकदाच होईल.

सहजसुचलं

अवांतर: इथे पेट्रोललाही गॅसच म्हणतात, म्हणून 'गॅस संपला' हे वाक्य आरव्हीत बोलू नये. बायको आतून ओरडली, गॅस संपलाय. मी घाबरून पंपावर वळवली, ३० डॉलरचं पेट्रोल भरलं. तिला शेगडी पेटत नाही असं म्हणायचं होतं.

आजोबा६८

मी फारसा लिहीत नाही, पण माझ्या वयाच्या बाईंचा उल्लेख आला म्हणून दोन ओळी. ताई, सासूबाई नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असतील तर नॅशनल पार्कांचा ६२ वर्षं आणि त्यावरच्यांसाठीचा पास काढा. वर्षाचे २० डॉलर, आयुष्यभराचे ८०. त्यात गाडीतल्या सगळ्यांचा प्रवेश होतो, शिवाय सरकारी कॅम्पग्राऊंडांत बऱ्याच ठिकाणी निम्मे पैसे. नुसत्या डेथ व्हॅलीच्या प्रवेशालाच गाडीला ३० लागतात. पास त्यांच्या नावाचा असतो, त्यामुळे त्या गाडीत हव्यात. माझ्या सुनेने मला त्यासाठी तीन सहलींना नेलं आहे, आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

मुक्कामपोस्ट

काका, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी नसले तर तुम्हाला गेटावरून परत पाठवतील!" तेव्हापासून वेगळ्याच ताठ बसल्यात. ग्रीन कार्ड आहे त्यांचं.

नवा बेत असा: व्हेगास, पारम्प, डेथ व्हॅली (३ रात्री), बेकरवरून जोशुआ ट्रीच्या दक्षिण टोकाशी (२), क्वार्ट्झसाइट (२), हायवे ९५ ने परत व्हेगास. साधारण ७०० मैल. सग्वारो आणि व्हाइट सँड्स पुसले. लेकीला अजून सांगितलेलं नाही.

हिशेबनीस

आता बोललात. पेट्रोल पारम्पला भरा, तिथे नेवाडाचा दर आहे. डेथ व्हॅलीच्या आत आणि कॅलिफोर्नियात हात आखडता. जोशुआ ट्रीच्या आत पंपच नाही. पुढची टाकी नदी ओलांडून ॲरिझोनात.

ॲरिझोनाचं घड्याळ हिवाळ्यात नेवाडाच्या एक तास पुढे असतं. गाडी परत द्यायच्या दिवशी तुम्हाला एक तास फुकट मिळेल. बजेटमध्ये धरा.

काटेसावर

दक्षिण टोकाला कॉटनवुडला पाणी आणि टाक्या रिकाम्या करायची जागा आहे. पार्कच्या फाटकाबाहेर बीएलएमची मोकळी जमीन आहे, तिथे बरेच लोक राहतात. गाडी हलवण्याआधी खाली वाकून बघा, सावलीला कासव बसलेलं असू शकतं. उचलू नका. घाबरलं तर साठवलेलं पाणी सोडून देतं आणि वाळवंटात त्याला ते परत मिळत नाही.

कंगवा बरोबर ठेवा. केसांसाठी नाही. चोया नावाचा निवडुंग आहे, दिसतो टेडी बेअरसारखा मऊ, मुलं हात लावतात. गोळाच्या गोळा कातडीत रुततो, हाताने काढायला गेलात तर दुसऱ्या हातात. कंगवा मधे घालून झटक्यात उडवायचा, मग उरलेले काटे चिमट्याने.

आणि रात्री उंदीर येतात. पॅकरॅट. इंजिनातल्या वायरी कुरतडतात. मुक्काम लांबला तर बॉनेट उघडं ठेवायचं, म्हणजे त्यांना आडोसा मिळत नाही.

तंबूवाली

माझ्या तंबूला वायरीच नाहीत.

झोपाळू

😂 हा धागा वाचून बायको म्हणाली, "आपण यंदा घरीच राहू."

---

*(पाच आठवड्यांनी)*

मुक्कामपोस्ट

मंडळी, आलो. हिशेब आधी, कारण त्याच्यासाठीच धागा काढला होता.

सात रात्रींचं भाडं ६२३. मैल ७८४, मैलभाडं ३०६. विमा आणि संच मिळून २४०. पेट्रोल ३९५. मुक्काम ९२: चार रात्री फुकट, दोन डेथ व्हॅलीत, एक खाजगी आरव्ही पार्कमध्ये. सासूबाईंचा पास ८०, आयुष्यभराचा घेतला. प्रोपेन १८. एकूण १,७५४. खाण्याचं धरलं नाही, घरी जेवढं लागलं असतं तेवढंच लागलं.

यात ६० डॉलर नाहीत, ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. क्वार्ट्झसाइटला संध्याकाळी दारावरची कापडी सावली उघडली, खाली खुर्च्या टाकल्या, नवरा म्हणाला, वारा कुठे आहे? रात्री एकला धाडकन आवाज. सावली छपरावर उलटी पडायच्या बेतात, एक दांडा वाकलेला. मी आणि सासूबाई दोघी दांड्याला लोंबकळलो, नवरा गुंडाळतोय, लेक टॉर्च धरून हसतेय. शेजारच्या गाडीतल्या सत्तरीच्या बाई गाऊनवर बाहेर आल्या, न बोलता एक हूक सोडवला आणि सगळं सुरळीत आत गेलं. परत जाताना एवढंच म्हणाल्या, इथे झोपताना सगळं आत. ६० डॉलर दांड्याचे.

हीटर ५५ वर ठेवला, बॅटरी टिकली. डेथ व्हॅलीत सनसेट कॅम्पग्राऊंड म्हणजे खडी टाकलेलं मैदान आहे, चित्रातल्यासारखं काही नाही. पण रात्री दिवे मालवल्यावर लेक छपराच्या खिडकीतून बघत होती आणि बराच वेळ काही बोलली नाही. आमच्याकडे ही घटना दुर्मीळ आहे. मेस्कीट फ्लॅटला पहाटे गेलो, घसरगुंडीचं समाधान झालं. व्हाइट सँड्सचं नाव अजून निघालेलं नाही.

कंगवा वापरावा लागला. लेकीसाठी नाही, नवऱ्यासाठी.

काटेसावर

नवऱ्याने टेडी बेअर कशाला कुरवाळला?

मुक्कामपोस्ट

"खरंच टोचतो का" बघायला.

हिशेबनीस

दांड्यासकट १,८१४. बजेटच्या वर १४. पास आयुष्यभराचा आहे, तो एकाच सहलीवर टाकणं बरोबर नाही, म्हणून मी पास करतो. पण नोंदीसाठी: साधी गाडी आणि मोटेल केलं असतं तर माझ्या अंदाजाने १,३०० च्या आसपास झालं असतं.

तंबूवाली

आणि तंबूत ८००. मी फक्त म्हणतेय.

मुक्कामपोस्ट

मान्य आहे. फक्त सासूबाईंचं मत वेगळं आहे. तिसऱ्या दिवशी रस्त्याकडेला गाडी थांबवून त्यांनी चहा केला, मागे डोंगर, दहा मैल कोणी नाही, आणि आतून येऊन म्हणाल्या, "बाथरूम पाच पावलांवर असलं की मी कुठेही यायला तयार आहे." पुढच्या वर्षी अँझा-बोरेगो म्हणतायत. तिथे कुठेही मुक्काम करता येतो म्हणे?

चाकंचार

येतो. कॅलिफोर्नियाचं स्टेट पार्क आहे, पण मोकळ्यावर फुकट राहू देतात. शेकोटी मात्र धातूच्या भांड्यातच करायची आणि राख बरोबर परत न्यायची. ठरलं की नवा धागा काढा.

आजोबा६८

ताई, स्टेट पार्कला आमचा पास चालत नाही. सासूबाईंना आत्ताच सांगू नका.

झोपाळू

बायकोने आत्ता विचारलं, २२ फुटी गाडीत पलंग किती असतात. कोणीतरी लवकर उत्तर द्या.